हर्नियाच्या ऑपरेशननंतर लघवी अडकली: बाबांना चालवायचं की झोपवून ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, शुगर नाही, रक्तदाबाची एक गोळी चालू. उजव्या जांघेतल्या हर्नियाचं जाळी टाकून ऑपरेशन झालं, कमरेत इंजेक्शन देऊन. ऑपरेशन दुपारी, पण रात्री उशिरापर्यंत लघवी झाली नाही. पोट फुगलं, घाम फुटला, मग नळी घातली तर पिशवीत ९०० मिलीच्या वर लघवी आली. दुसऱ्या दिवशी नळी काढली, पुन्हा होईना, म्हणून पुन्हा घातली आणि नळीसकट घरी पाठवलं. घरात आत्या म्हणतात, पंधरा दिवस पलंगावरून हलू द्यायचं नाही, जाळी सरकेल. मुलगा विचारतो: मूत्राशय कायमचं निकामी झालं का? आता प्रोस्टेटचंही ऑपरेशन करावं लागणार का? आणि बाबांना चालवायचं की झोपवून ठेवायचं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आजच्या आज तुमच्या हातात आहे. चालवा. नळी असली तरी चालवा.

जाळी सरकण्याची भीती मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकतो. ही जाळी कापडाच्या ठिगळासारखी नुसती ठेवलेली नसते. ती बहुतेक वेळा आतल्या मजबूत पडद्याला टाक्यांनी शिवलेली असते आणि काही दिवसांतच शरीराचे तंतू तिच्या छिद्रांतून वाढून तिला धरून ठेवतात. कॅनडात टोरांटोच्या परिसरातल्या शोल्डाइस हॉस्पिटलमध्ये १९४५ पासून हर्नियाची ऑपरेशनं होतात, तीही बहुतांशी जाळी न वापरता, नुसत्या टाक्यांच्या जोरावर. तिथे रुग्ण टेबलावरून उतरून स्वतःच्या पायांनी बाहेर जातो. आपल्या पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांच्या पद्धतीत जाळीऐवजी रुग्णाच्याच स्नायूच्या पडद्याची पट्टी वापरतात, आणि तिथेही रुग्णाला लवकर उठवण्यावरच भर असतो. हर्नियाच्या तज्ज्ञांनी २०१८ साली एकत्र येऊन जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत तर स्पष्ट म्हटलं आहे की रुग्णाला सोसेल तसं त्याने लगेच रोजचे व्यवहार सुरू करावेत, सक्तीची विश्रांती नको.

पोटातला दाब मोजून पाहिला तरी हेच दिसतं. निरोगी माणूस शांत उभा असताना पोटातला दाब साधारण पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या आसपास असतो. तोच जोरात खोकला की १०० च्या पलीकडे जाऊ शकतो. म्हणजे अंगणात फेऱ्या मारल्याने टाक्यांवर येणारा ताण किरकोळ आहे. खरा ताण येतो खोकल्याने, बद्धकोष्ठामुळे कुंथल्याने आणि लघवी होत नाही म्हणून पोटाने जोर लावल्याने. ज्यांना जाळीची काळजी आहे त्यांनी बाबांचा कफ, शौच आणि लघवी यांकडे लक्ष द्यावं, चालण्याकडे नाही. झोपून राहिल्याने या तिन्ही गोष्टी बिघडतातच, शिवाय पायाच्या नसांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो.

आता लघवी का अडकली ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

कमरेतल्या इंजेक्शनने, म्हणजे स्पायनलने, पायांच्या नसा बधिर होतात, तशाच मूत्राशयाच्याही होतात. मूत्राशय भरल्याची जाणीव आणि ते आवळण्याचा हुकूम या दोन्ही गोष्टी मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाकडच्या नसांतून जातात. बधिरता उतरते ती वरून खाली, त्यामुळे या नसा सगळ्यांत शेवटी जाग्या होतात. रुग्णाचे पाय हलायला लागतात, गुडघे वर घेता येतात, घरचे म्हणतात आता सगळं उतरलं. पण मूत्राशय अजून झोपेतच असतं. नेहमीच्या औषधाने ते पूर्ण कामाला लागायला सात-आठ तास सहज लागतात. या वेळात मूत्रपिंडं थांबलेली नसतात. वरून सलाईनच्या दोन-तीन बाटल्या गेलेल्या असतात. माणसाला १५० ते २५० मिलीला पहिली जाणीव होते आणि ४०० ते ६०० ला जोराची लागते. बाबांच्या मूत्राशयात ९०० भरले, तरी बराच वेळ त्यांना काही कळलं नसणार, कारण कळवणारी तारच बंद होती.

त्यात आणखी भर पडते. जांघेत दुखत असलं की मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू आपसूक आवळला जातो. दुखणं थांबवायला ट्रामाडॉलसारखी औषधं दिली तर तीही मूत्राशयाला सुस्त करतात. भूल देताना नाडी मंदावली म्हणून अॅट्रोपिन दिलं असेल तर त्याचाही तोच परिणाम. आणि साठीच्या पुढच्या पुरुषाचं प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, बऱ्याचदा थोडंफार वाढलेलं असतं. एरवी कसंबसं भागत होतं, त्या दिवशी भागलं नाही.

शिवाय आपल्याकडच्या वॉर्डातलं चित्र आठवा. उताणा झोपलेला माणूस, चादरीखाली सरकवलेलं भांडं, उशाशी मेहुणा, समोरच्या खाटेवर भेटायला आलेली चार माणसं, आणि मावशी दर दहा मिनिटांनी विचारतेय, “झाली का आजोबा?” आयुष्यभर उभं राहून किंवा उकिडवं बसून लघवी केलेल्या माणसाला असं आडवं पडून, लोकांसमोर होत नाही. यात त्याचा हट्ट नाही की भित्रेपणाही नाही. उभं राहिलं की पोटाच्या आतल्या भागाचं वजन खाली येतं, ओटीपोटाचे स्नायू सैल सोडता येतात, आणि दार लावून घेतलं की मनही सैल होतं. लवकर उठवण्याचा मूत्राशयाला मोठा फायदा मिळतो तो इथे.

पण आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी स्पायनलनंतर “चोवीस तास उशी नाही, डोकं उचलायचं नाही” असं सांगतात. ही सूचना जाड सुयांच्या काळातली आहे. डोकेदुखी होऊ नये हा त्यामागचा हेतू. सपाट झोपवून ठेवल्याने ती डोकेदुखी टळत नाही, हे अनेक अभ्यासांत तपासून झालं आहे. आणि आता बारीक सुया वापरतात, त्यामुळे ती मुळातच कमी झाली आहे. डोकं दुखायला लागलंच तर आडवं झाल्याने बरं वाटतं, तेव्हा जरूर झोपावं. पण न दुखणाऱ्या माणसाला रात्रभर सपाट ठेवून त्याची लघवी अडकवायची, हे मला अजिबात पटत नाही. तुमच्या ओळखीत कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर भुलेच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, “बाबांना उभं कधी करता येईल?”

उभं करण्याची एक रीत मात्र आहे, ती सोडू नका. आधी पायांची बोटं वर-खाली करायला सांगायचं, मग दोन्ही गुडघे दुमडून एकेक पाय पलंगावरून उचलायला सांगायचं, तोही दोन क्षण धरून. मांडीला आणि बैठकीला स्पर्श नीट कळतो का ते पाहायचं. एवढं जमलं की ऑपरेशन झालं नसेल त्या कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या कोपराने रेटा देत बसतं करायचं. उताण्यावरून सरळ उठून बसवू नका, त्याने पोट आवळतं आणि टाक्यांत कळ येते. बसल्यावर निदान पाच मिनिटं पाय लोंबते ठेवून बसू द्यायचं. स्पायनलने रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, एकदम उभं केलं की रक्तदाब पडतो आणि माणूस संडासाच्या दारात कोसळतो. चक्कर नाही, घाम नाही, तर सिस्टरला सोबत घेऊन उभं करायचं. पहिल्या वेळी घरच्यांनी एकट्याने हा प्रयोग करू नये. लघवीला नेलं तर दार लोटून घ्यायचं, पण कडी लावायची नाही. चक्कर येत असेल तर कमोडवर बसूनच करू द्या, पुरुषाने बसून केली तरी काही बिघडत नाही.

इतकं करूनही एक गोष्ट मी स्पष्ट सांगतो: चालणं नळीला पर्याय नाही. ऑपरेशननंतर सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा सोनोग्राफीत मूत्राशयात ५०० ते ६०० मिली दिसली आणि प्रयत्न करूनही होत नाही, तर नळी घालायची. नळ सोडून ठेवणं, ओटीपोटावर कोमट पिशवी ठेवणं हे पंधरा-वीस मिनिटं करून पाहायला हरकत नाही. त्यावर रात्र काढायची नाही. ताणलेल्या मूत्राशयाच्या स्नायूचे तंतू एकमेकांपासून ओढले जातात, त्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि मग नसा जाग्या झाल्या तरी स्नायूला आवळायचं बळ राहत नाही. बाबांची नळी दुसऱ्या दिवशी काढल्यावर पुन्हा लघवी झाली नाही, ती बहुधा याच कारणाने. भूल केव्हाच उतरली होती. स्नायू थकलेला होता.

फसवणारी गोष्ट म्हणजे थोडी थोडी होणारी लघवी. रुग्ण सांगतो, “होतेय की, दर अर्ध्या तासाने होतेय.” मोजली तर प्रत्येक वेळी तीस-चाळीस मिली. ते भरून वाहणं असतं, रिकामं होणं नव्हे. नाभीखाली हात ठेवला तर घट्ट, गोल फुगवटा लागतो आणि दाबलं की लघवी लागल्यासारखं वाटतं. म्हणून पहिल्या दिवशी “झाली का” एवढं विचारून भागत नाही, “किती झाली” हे भांड्यावरच्या खुणेने पाहावं लागतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. मूत्राशय निकामी झालं का? तुम्ही लिहिलेल्या हकिकतीवरून मला तसं वाटत नाही. मूत्राशय काही तास जास्त ताणलं गेलं, शुगर नाही, आधी कधी लघवी पूर्ण बंद झालेली नाही. अशा माणसांचं मूत्राशय बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत कामाला लागतं. ज्यांची शुगर जुनी आहे किंवा ज्यांचं मूत्राशय वर्षानुवर्षं अर्धवटच रिकामं होत आलं आहे, त्यांना वेळ जास्त लागतो.

स्नायूला हवी असते ती विश्रांती, आणि ती विश्रांती म्हणजेच नळी. दुसऱ्यांदा नळी घालावी लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी घाईने काढायला लावू नका. साधारण आठवडाभर राहू द्या आणि त्या काळात प्रोस्टेट सैल करणारी गोळी, म्हणजे टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, सुरू आहे का ते पाहा. नसेल तर तुमच्या सर्जनना विचारून सुरू करा. ती रोज एकाच ठरावीक जेवणानंतर घ्यायची; मी रात्रीच्या जेवणानंतर देतो. बाबांना रक्तदाबाची गोळी आहे, त्यामुळे पहाटे उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती हे आवर्जून सांगायचं, कारण तिने बुबुळाचा पडदा सैल पडतो.

नळी असताना माणसं चालत नाहीत ती बहुतेक संकोचाने. हातात लघवीची पिशवी घेऊन शेजाऱ्यांसमोर कसं जायचं? साधी कापडी पिशवी घ्या, त्यात ती ठेवा आणि हात खाली सोडून चाला. पिशवी कायम कमरेच्या खाली राहिली पाहिजे, झोपताना पलंगावर शेजारी ठेवायची नाही, जमिनीवर लोळवायची नाही. नळी मांडीला चिकटपट्टीने थोडी सैल ठेवून चिकटवा, म्हणजे चालताना आत ओढ बसणार नाही. रोज आंघोळीत साबण-पाण्याने ती जागा धुवा. धुताना पुढची कातडी मागे घेतलीत तर धुऊन झाल्यावर ती आठवणीने पुढे आणा. मागेच राहिली तर तासाभरात सुजते आणि मग वेगळंच संकट उभं राहतं. मध्येच जोराची लागल्यासारखं वाटतं, नळीच्या कडेने दोन थेंब येतात, हे मूत्राशय नळीवर आवळल्यामुळे होतं. तेव्हा कुंथायचं नाही, दीर्घ श्वास घेऊन सोडायचा.

नळीला चिमटा लावून दोन-दोन तासांनी सोडायची, म्हणजे मूत्राशयाला “सवय लागते”, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. करू नका. इतक्या थोड्या दिवसांच्या नळीला त्याचा उपयोग होत नाही, आणि चिमटा सोडायचा राहिला तर पुन्हा तेच ताणलेलं मूत्राशय.

पोट साफ ठेवणं मी औषधाइतकंच महत्त्वाचं मानतो. गुदाशयात खडा साठला की तो मागून मूत्राशयाच्या तोंडावर दाब देतो. रात्री इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं लॅक्टुलोज, जेवणात पालेभाजी, पपई, भरपूर पातळ वरण-ताक. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, पण दिवसभरात विभागून. उकिडवं बसून जोर काढण्यापेक्षा काही दिवस कमोडची खुर्ची बरी. आणि या काळात सर्दीची गोळी किंवा पोटात मुरडा आला म्हणून डायसायक्लोमिनची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. दोन्ही प्रकारच्या औषधांनी साठीतल्या पुरुषाची लघवी नव्याने अडकलेली मी पाहिली आहे.

नळी काढायचा दिवस असा निवडा की सकाळी काढता येईल आणि दिवसभर दवाखाना उघडा असेल. शनिवारी संध्याकाळी काढलेली नळी रविवारी पहाटे सगळ्यांना पळवते. काढल्यावर तासाला पेलाभर पाणी पुरे; लवकर व्हावी म्हणून एकदम दोन लिटर प्यायलात तर मूत्राशय पुन्हा ताणलं जाईल. लागल्यासारखी वाटली की फिरून यायचं, मग उभं राहून, घाई न करता. प्रत्येक वेळी मोजून वहीत लिहा. दोन-तीन वेळा २०० मिलीच्या आसपास झाली आणि नंतरच्या सोनोग्राफीत १००-१५० पेक्षा कमी शिल्लक राहिली, तर काम झालं. ३०० च्या वर शिल्लक राहत असेल किंवा चार-सहा तासांत झालीच नाही, तर पुन्हा नळी. मग मात्र सर्जनबरोबर मूत्ररोगतज्ज्ञही गाठायचे. पहिल्या दिवशी थोडी जळजळ, जराशी लालसर लघवी चालते.

प्रोस्टेटच्या ऑपरेशनचा निर्णय आज कुणीही देऊ नये आणि तुम्ही घेऊ नये. सोनोग्राफीत प्रोस्टेट किती ग्रॅम आहे यावरून तो ठरत नाही. बाबांना निवांत विचारा: गेली एक-दोन वर्षं धार बारीक झाली होती का, सुरू व्हायला थांबावं लागायचं का, रात्री किती वेळा उठायचे, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटायचं का. आपल्याकडची बुजुर्ग मंडळी हे कुणाला सांगत नाहीत, वयच झालं म्हणून सोडून देतात. उत्तरं “हो” असतील तर वर्षानुवर्षं कुंथून केलेल्या लघवीचाही हर्नियात वाटा असू शकतो, आणि मग प्रोस्टेटचा इलाज दुरुस्ती टिकवण्यासाठीही लागेल. पण तो आधी गोळ्यांनी. पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या शंकेसाठी करतात ती रक्ताची तपासणी सध्या करून घेऊ नका. लघवी अडकल्याने आणि नळीने तो आकडा वाढतो आणि घरात कॅन्सरची धास्ती बसते. सहा आठवडे जाऊ द्या, मग करा.

चालणं किती वाढवायचं? आज घरातल्या घरात दर दोन तासांनी पाच मिनिटं, दोन दिवसांत अंगणात, आठवड्याच्या आत देवळापर्यंत किंवा वाचनालयापर्यंत. दुखणं हीच मर्यादा समजा. दुसऱ्या दिवशी जास्त ठणकलं तर थोडं कमी करा. ठरावीक वेळेला पॅरासिटामॉल घेऊन चालणं चांगलं, दुखतंय म्हणून पडून राहणं नाही. खोकला किंवा शिंक आली तर तळहाताने जांघेवर आधार द्या. जिने चढायला हरकत नाही. स्कूटर तेव्हा, जेव्हा अचानक ब्रेक दाबताना जांघेत कळ येणार नाही. बहुतेकांना एक-दोन आठवडे लागतात. भरलेला गॅस सिलेंडर जवळजवळ तीस किलोचा असतो, तो महिनाभर दुसऱ्या कुणीतरी उचलावा. अंडकोशाला सूज आणि निळसरपणा येतो, तो पाहून घाबरू नका; घट्ट चड्डी किंवा सपोर्टर वापरा, दोन-तीन आठवड्यांत ओसरतो.

मात्र थंडी वाजून ताप, पिशवीत रक्ताच्या गुठळ्या, नळी असूनही लघवी येणं बंद होऊन पोट फुगणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, यांतलं काहीही झालं तर फोनवर विचारत बसू नका, घेऊन जा. भूल उतरून गेल्यानंतर दोन्ही पायांत नव्याने अशक्तपणा आला, बैठकीचा भाग बधिर वाटू लागला किंवा शौचावरचा ताबा गेला, तर त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठा. तो मणक्यातल्या दाबाचा प्रकार असू शकतो.

डाव्या बाजूलाही हर्निया सुरू होतोय असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. त्याची घाई नाही, पण वेळ येईल तेव्हा या वेळचा सगळा कागद सोबत न्या आणि लघवी अडकली होती हे भुलेच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. जांघेचा साधा हर्निया फक्त ती जागा बधिर करूनही दुरुस्त होतो. जगभरच्या अभ्यासांच्या एका मोठ्या एकत्रित आढाव्यात तसं केल्यावर लघवी अडकण्याचं प्रमाण हजारात चारपेक्षा कमी होतं, तर स्पायनल किंवा पूर्ण भुलेत शंभरात दोन ते तीन. दुर्बिणीने करायचं ठरलं तर सहसा पूर्ण भूल लागते, हेही तोलून पाहा. टेबलावर जाण्याच्या अगदी आधी बाबांना लघवीला पाठवा, सलाईन गरजेपुरतंच द्यायला सांगा, आणि धार तोवर सुधारली नसेल तर तारीख पुढे ढकलून आधी मूत्ररोगतज्ज्ञांकडून लघवीच्या धारेची आणि शिल्लक राहणाऱ्या लघवीची तपासणी करून घ्या.